रोज दहा वाजता काटा अडतो: वापरकर्त्यांचा स्विच आणि सर्व्हरचा स्विच

दक्षिण महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचे नेटवर्क मी सांभाळतो. मागच्या गाळप हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात सुरू झालेली तक्रार अशी होती: सकाळी दहा ते साडेदहा या वेळेत वजनकाट्यावरील संगणकाचा प्रोग्राम अडकतो, एरवी दोन सेकंदांत निघणारी पावती पंधरा-वीस सेकंद घेते, आणि मग अर्ध्या तासाने सगळे आपोआप सुरळीत होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर तोच प्रकार थोड्या सौम्य रूपात होतो. काटा क्लार्कचा फोन रोज ठरलेला असे, "साहेब, काटा परत अडकला, गाड्या पार रस्त्यापर्यंत गेल्यात." मी तिथे पोहोचेपर्यंत पावत्या धडाधड निघत असत आणि चिटबॉयपासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सगळे माझ्याकडे संशयाने पाहत.

रोज त्याच वेळी येणारा आणि स्वतःहून जाणारा दोष हा बहुधा बिघडलेल्या वस्तूचा नसतो. खराब पॅच कॉर्ड (जोडणीची छोटी वायर) घड्याळ पाहून खराब होत नाही. तरीही पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही काट्याचा संगणक बदलला, मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल तांब्याच्या वायरीत आणणारी पेटी) बदलला, यार्डातील छोटा स्विच (संगणकांना एकमेकांशी जोडणारी पेटी) बदलला. फरक शून्य. हे इथे मुद्दाम लिहीत आहे, कारण अशा तक्रारीत प्रत्येक जण हेच करतो आणि त्यात पंधरा दिवस जातात.

आधी जोडणी कशी होती ते सांगतो. मुख्य इमारतीतील सर्व्हर खोलीत 48 पोर्टांचा (वायर खोचण्याच्या जागांचा) एक गिगाबिट (सेकंदाला एक अब्ज बिट वेगाचा) स्विच होता, पीओई असलेला, म्हणजे आयपी फोन आणि कॅमेऱ्यांना त्याच वायरीतून वीज देणारा. त्यालाच दोन 10 गिगाबिटचे पोर्ट होते. कार्यालयातील संगणक, फोन आणि तिन्ही सर्व्हर असे सगळे याच एका स्विचवर होते. तिथून 1 गिगाबिटची एक फायबर जोडणी शेती विभागाकडे जात होती. शेती विभागातील साधारण तीस संगणक, यार्ड, गेट आणि दोन्ही वजनकाटे या एकाच जोडणीवर होते. पावसाळ्यात, गाळप बंद असताना, जुना सर्व्हर काढून नवा बसवला होता आणि हौसेने तो 10 गिगाबिटच्या पोर्टवर जोडला होता. ऑफ सीझनमध्ये कोणाचीच तक्रार नव्हती. त्यामुळे नव्या सर्व्हरचा आणि या त्रासाचा संबंध असेल असे कोणाच्या मनातही आले नाही. उलट "सर्व्हर दहापट वेगवान झाला, तरी काटा संथ कसा?" हाच प्रश्न संचालकांच्या बैठकीत विचारला गेला.

पहिला संशय मी स्पॅनिंग ट्रीवर, म्हणजे स्विचच्या जोडण्यांत वर्तुळ होऊ न देणाऱ्या यंत्रणेवर, घेतला आणि तो अर्धा खरा निघाला. दहाच्या सुमारास शंभरेक संगणक एकापाठोपाठ सुरू होतात. सुरू होताना प्रत्येकाचा पोर्ट दोन-तीन वेळा खाली-वर होतो, आणि दुपारी संगणक झोपी गेला की त्याचे नेटवर्क कार्ड वीज वाचवण्यासाठी वेग कमी करते, त्यातही लिंक एकदा तुटून पुन्हा जोडली जाते. पोर्ट "एज" (टोकाचा, फक्त संगणकाचा) म्हणून नोंदवलेला नसेल तर अशा प्रत्येक वेळी स्विच त्याकडे नेटवर्कची रचना बदलल्यासारखे पाहतो. जुन्या पद्धतीत पोर्ट 15 सेकंद ऐकतो, 15 सेकंद शिकतो आणि मगच डेटा पुढे सोडतो. शिवाय रचना बदलल्याची सूचना मिळताच मॅक पत्त्यांच्या (प्रत्येक नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाच्या) नोंदींचे आयुष्य 300 सेकंदांवरून 15 सेकंदांवर येते. मी सकाळी साडेनऊ आणि साडेदहा अशा दोन वेळी बदलांचा आकडा पाहिला, तर तासाभरात तो दोनशेच्या वर वाढला होता. सर्व वापरकर्ता पोर्ट एज केले आणि त्यावर बीपीडीयू गार्ड (तिथे कोणी दुसरा स्विच जोडला तर पोर्ट बंद करणारा नियम) लावला. संगणक सुरू झाल्यावर "नेटवर्क मिळत नाही" असे अर्धा मिनिट दिसणे बंद झाले. काटा मात्र दुसऱ्या दिवशी दहा वाजून सात मिनिटांनी अडकलाच.

नंतर मी बँडविड्थचे (जोडणीच्या वापराचे) आलेख काढले. शेती विभागाच्या जोडणीवर ऐन तक्रारीच्या वेळीही वापर कधी दहा टक्क्यांवर गेलेला दिसत नव्हता. पिंग (उत्तर येते का हे पाहणारे चाचणीचे पॅकेट, म्हणजे डेटाची छोटी पुडी) केले तर एक-दोन मिलिसेकंदांत उत्तर येत होते आणि शंभरात एखादेही पॅकेट हरवत नव्हते. इथेच बहुतेक जण नेटवर्कला निर्दोष ठरवतात आणि सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावतात. मीही लावला होता. त्यांनी डेटाबेसवर प्रत्येक प्रश्नाला लागणारा वेळ मोजून दाखवला, तो सगळा पाच मिलिसेकंदांच्या आत होता. म्हणजे सर्व्हरचे म्हणणे होते की उत्तर मी वेळेत दिले, आणि काट्याचे म्हणणे होते की मला ते मिळाले नाही.

दोघेही खरे बोलत होते. त्या आलेखातील प्रत्येक बिंदू हा पाच मिनिटांची सरासरी होता, आणि दोष मिलिसेकंदाहून लहान वेळेत घडत होता. सकाळी दहा वाजता शेती विभागातील प्रत्येक जण पहिले काम म्हणून आदल्या दिवसाचा गाळप अहवाल उघडतो. ही फाइल 30 एमबीच्या घरात असते. तीस जणांनी ती उघडली तर 900 एमबी, आणि पाच मिनिटांत पसरले तर ते होतात फक्त 24 एमबीपीएस, म्हणजे 1 गिगाबिटच्या अडीच टक्क्यांहूनही कमी. आलेख खोटे बोलत नव्हता, पण सर्व्हर डेटा पाच मिनिटांत पसरून पाठवत नाही. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम नेटवर्क कार्डाच्या हाती एकदम 64 केबीपर्यंतचा तुकडा देते, आणि कार्ड त्याची चाळीस-पंचेचाळीस पॅकेट करून ती एकमेकांना चिकटून, पूर्ण वेगाने सोडते. 10 गिगाबिटवर हा तुकडा सुमारे 52 मायक्रोसेकंदांत स्विचमध्ये शिरतो, आणि 1 गिगाबिटच्या जोडणीतून बाहेर पडायला त्याला 524 मायक्रोसेकंद लागतात. दहा जणांचे तुकडे एकाच क्षणी आले तर 640 केबी दाराशी उभे राहतात. ते थांबणार कुठे? त्या पोर्टच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्याच्या जागेत. साध्या डेटाच्या रांगेला तिथे 200 केबी जागा मिळाली असे धरले, तर 10 गिगाबिटने येणाऱ्या आणि 1 गिगाबिटने जाणाऱ्या प्रवाहात ती जागा 0.18 मिलिसेकंदांत भरते. त्यानंतर येणारे पॅकेट स्विच टाकून देतो, आणि ते पॅकेट अहवालाचे आहे की काट्याच्या पावतीचे, हे त्याला कळत नाही.

जुना सर्व्हर 1 गिगाबिटच्या पोर्टवर होता. 1 गिगाबिटने आत येणारे 1 गिगाबिटने बाहेर जात होते, त्यामुळे ही वेळच येत नव्हती. वेगवान सर्व्हरमुळे काटा संथ झाला, हे ऐकायला विचित्र वाटले तरी त्याचा हिशेब वरील चार आकड्यांत आहे.

अहवाल उघडणाऱ्याला पॅकेट हरवल्याचे जाणवतही नाही, कारण त्याच्या फाइलची पुढची शेकडो पॅकेट मागून येत असतात, त्यावरून पलीकडच्या बाजूला मधले एक गायब असल्याचे लगेच कळते आणि ते तत्काळ पुन्हा मागवले जाते. काट्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र एक-दोन पॅकेटांचे असते. त्यातील शेवटचेच हरवले तर मागून काहीच येणार नसते, म्हणून सर्व्हरला घड्याळ संपेपर्यंत वाट पाहावी लागते. लिनक्सवर हे घड्याळ कमीत कमी 200 मिलिसेकंदांचे असते आणि पुन्हा हरवले तर ते 400, मग 800 असे दुप्पट होत जाते. एका पावतीसाठी आमचा प्रोग्राम तीस-चाळीस प्रश्न एकामागून एक विचारतो. त्यांतील काही जरी असे पुन्हा पुन्हा अडले तरी दोन सेकंदांची पावती पंधरा सेकंदांवर जाते. सर्वांत कमी डेटा वापरणाऱ्याला सर्वांत जास्त त्रास होण्याचे कारण हे आहे, आणि सेकंदाला एकदाच जाणाऱ्या पिंगची त्या मिलिसेकंदाच्या तुंब्याशी क्वचितच गाठ पडते.

याची खात्री करायला महागडे साधन लागत नाही. शेती विभागाकडे जाणाऱ्या पोर्टवर "आउटपुट ड्रॉप्स" (जागा नसल्याने टाकून दिलेली पॅकेट) हा आकडा मी दहा वाजल्यापासून दर दहा सेकंदांनी टिपला. सुरुवातीला तो स्थिर होता. दहा वाजून चार मिनिटांनी तो हलू लागला आणि साडेदहापर्यंत काही हजारांनी वाढून पुन्हा थांबला. त्याच वेळी सर्व्हरवर पुन्हा पाठवलेल्या टीसीपी (पोहोचल्याची खात्री करून डेटा पाठवणारी पद्धत) तुकड्यांचा आकडाही त्याच चालीने वाढत होता. काट्याच्या संगणकावर पॅकेट पकडून पाहिली तर प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये वारंवार 200 मिलिसेकंदांहून किंचित जास्त अशी पोकळी दिसत होती. ड्रॉप्ससोबत हा 200 चा आकडा दिसला की सॉफ्टवेअरवाल्यांना सोडून द्यावे आणि स्विचकडे वळावे.

त्यात आमच्याच हातून झालेली आणखी एक चूक सापडली. फोन बसवताना आवाजाला प्राधान्य देणारे टेम्प्लेट (पोर्टच्या सेटिंगचा ठरलेला साचा) 48 च्या 48 पोर्टांवर आणि अपलिंकवरही, म्हणजे शेती विभागाकडे जाणाऱ्या सामाईक जोडणीवरही, लावले गेले होते. त्या स्विचवर हे प्राधान्य सुरू केले की प्रत्येक पोर्टचे बफर चार रांगांत वाटले जाते आणि सगळा साधा डेटा त्यातील एकाच रांगेत, म्हणजे पाव जागेत, उभा राहतो. ज्या टेबलावर एक फोन आणि एक संगणक आहे तिथे ही वाटणी योग्यच आहे. पण तीस जणांचा डेटा वाहणाऱ्या अपलिंकवर तीन चतुर्थांश जागा जवळजवळ रिकामी ठेवून उरलेल्या पावात गर्दी करण्यासारखे ते होते.

तातडीचा उपाय हास्यास्पद वाटेल, पण त्याच दिवशी लागू पडला. सर्व्हरचा पोर्ट 10 वरून 1 गिगाबिटवर आणला आणि अपलिंकवरील साध्या डेटाच्या रांगेची बफर-मर्यादा वाढवली. दुसऱ्या दिवशी साडेदहाला ड्रॉपचा आकडा दोन अंकी होता आणि काटा क्लार्कचा फोन आला नाही. मधल्या काळात एका जाणकाराने फ्लो कंट्रोल सुरू करण्याचा सल्ला दिला होता, तो मी ऐकला नाही. त्यात तुंबलेला स्विच सर्व्हरला "थांब" अशी सूचना पाठवतो, पण ही सूचना संपूर्ण पोर्टला लागू होते. म्हणजे एका तुंबलेल्या जोडणीपायी सर्व्हरकडून बाकी सर्वांना जाणारा डेटाही थांबतो.

1 गिगाबिटवर सर्व्हर कायम ठेवता येणार नव्हता, कारण रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत पुरा होईना. इथून पुढे प्रश्न सेटिंगचा राहिला नाही, रचनेचा झाला. वापरकर्त्यांसाठीचा स्विच या समजुतीवर बनवलेला असतो की त्यावरील बहुतेक पोर्ट बहुतेक वेळ शांत असतात. 48 जणांची मिळून 48 गिगाबिट क्षमता 1 किंवा 2 गिगाबिटच्या अपलिंकवर सोडली तरी चालते. कॅम्पस रचनेच्या जुन्या मार्गदर्शनात वापरकर्त्यांच्या थरासाठी 20:1 हे (वापरकर्त्यांची एकूण क्षमता : अपलिंक) प्रमाण स्वीकारार्ह धरलेले आहे आणि कार्यालयात ते खरोखर पुरते. सर्व्हरच्या बाबतीत ही समजूत उलटी पडते. तिथे थोडेच पोर्ट असतात, पण ते सगळे एकदम बोलतात, आणि निम्मी बोलणी आपापसात असतात: डेटाबेस स्टोरेजशी बोलतो, बॅकअप सर्व्हर दोघांशी बोलतो. मोठ्या डेटा सेंटरमध्ये यासाठी लीफ-स्पाइन रचना (सर्व्हरचा प्रत्येक स्विच वरच्या थरातील प्रत्येक स्विचला जोडलेला) करतात, तिचे मूळ चार्ल्स क्लॉस यांनी 1953 साली टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलेल्या कल्पनेत आहे. तीन सर्व्हर असलेल्या कारखान्याला एवढ्या थाटाची गरज नाही. दोन छोटे, सर्व पोर्ट 10 गिगाबिटचे, बिनपीओईचे आणि दोन-दोन पॉवर सप्लायचे स्विच आम्हाला पुरले.

हे दोन स्विच घेताना विक्रेत्याने ते स्टॅक करून (एकत्र बांधून एकच स्विच असल्यासारखे) देण्याची तयारी दाखवली होती. वापरकर्त्यांच्या मजल्यावर स्टॅक सोयीचा असतो, सहा स्विच एकाच नावाने सांभाळता येतात. पण स्टॅकचा मेंदू एकच असतो, फर्मवेअर (स्विचमधील मूळ सॉफ्टवेअर) बदलताना बहुधा सगळे सदस्य एकदम बंद होतात, आणि मग सर्व्हरच्या दोन वायरी दोन वेगळ्या स्विचना जोडून काही उपयोग राहत नाही. म्हणून आम्ही दोन स्वतंत्र स्विच घेऊन एमलॅगने (दोन स्वतंत्र स्विचवरच्या वायरी सर्व्हरला एकच जोडणी म्हणून दाखवणाऱ्या सोयीने) जोडले. एक बंद करून दुसऱ्यावर काम चालते याची चाचणी हंगाम सुरू असताना, भर दुपारी, मुद्दाम घेतली. पॉवर सप्लायही एक यूपीएसवर आणि दुसरा वेगळ्या फीडरवर असा लावला. पीओई स्विच इतरत्र हलवल्याने यूपीएसवरचा भारही हलका झाला: 48 पोर्टांना प्रत्येकी 15.4 वॉट द्यायचे म्हटले तरी 739 वॉट होतात, आणि तेवढी वीज सर्व्हरच्या बॅटरीतून फोन आणि कॅमेऱ्यांना देण्याचे कारण नव्हते. हवेच्या दिशेकडेही पाहावे. सर्व्हरच्या वायरी रॅकच्या मागे असतात, म्हणून स्विचचे पोर्ट मागे येतात, आणि पंखे नेहमीच्या दिशेचे असतील तर स्विच सर्व्हरने ओकलेली गरम हवा आत घेतो. खरेदीच्या वेळीच उलट दिशेचे पंखे मागावे लागतात. ही गोष्ट मला पहिल्या स्विचच्या तापमानाचा इशारा आल्यावर कळली.

अपलिंकचा वेग वाढवताना फायबरने अडवले. शेती विभागापर्यंतची जुनी वायर ओएम-2 प्रकारची (कमी अंतरासाठीची मल्टिमोड फायबर) होती आणि अंतर साडेतीनशे मीटर. अशा वायरीवर 1 गिगाबिट 550 मीटरपर्यंत चालते, पण 10 गिगाबिट जेमतेम 82 मीटर. म्हणून नवी सिंगल मोड (लांब अंतरासाठीची) वायर टाकली, ती 10 किलोमीटरपर्यंत पुरते. यामागचा विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वेग कुठे ना कुठे उतरणारच आहे, कारण टेबलावरचा संगणक 1 गिगाबिटचा आणि काट्याचा 100 मेगाबिटचा आहे. तो उतार शेवटच्या पोर्टवर आणावा, म्हणजे तिथे जे तुंबेल ते एकाच माणसाचे असेल आणि हरवले तर त्याचेच हरवेल. उतार मधल्या सामाईक जोडणीवर ठेवला की एकाच्या अहवालापायी दुसऱ्याची पावती अडते.

स्विच वेगळे केल्यावर पोर्टांची टेम्प्लेटेही वेगळी केली, आणि ती का वेगळी हवीत याचा धडा त्याआधीच मिळाला होता. एका रात्री एक होस्ट (अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, चालवणारा सर्व्हर) देखभालीसाठी बंद करताना त्यावरील व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या होस्टवर हलवली आणि काही क्षणांत त्या दुसऱ्या होस्टचा पोर्टच बंद पडला. लॉगमध्ये 00:50:56 ने सुरू होणारा मॅक पत्ता आणि त्यापुढे सुरक्षा-उल्लंघन अशी नोंद होती. वापरकर्त्यांच्या टेम्प्लेटमधील पोर्ट सिक्युरिटीने मोजकेच पत्ते मान्य केले होते, आणि हलवून आलेल्या मशीनचा पत्ता तिला घुसखोर वाटला. टेबलावर कोणी घरचा राउटर आणून लावू नये म्हणून हाच नियम उत्तम आहे. तीच गोष्ट डीएचसीपी स्नूपिंगची, म्हणजे संगणकांना नेटवर्क पत्ते कोण वाटतो यावर पहारा ठेवणाऱ्या नियमाची. वापरकर्त्याच्या पोर्टवरून कोणी पत्ते वाटू लागला तर ते अडवलेच पाहिजे, पण खरा डीएचसीपी सर्व्हर त्याच टेम्प्लेटच्या पोर्टवर लावला तर संपूर्ण कार्यालयाला पत्ते मिळेनासे होतात. वीज वाचवणारी इथरनेट सुविधाही वापरकर्त्यांकडे ठेवली आणि सर्व्हर पोर्टवर बंद केली, कारण निजलेली लिंक जागी होण्यात जाणारे मायक्रोसेकंद तिथे मला नको होते.

हा बदल होऊन उरलेला हंगाम गेला. सर्व्हर पुन्हा 10 गिगाबिटवर आहे, आणि शेती विभागाच्या अपलिंकवरील ड्रॉपचा आकडा मी आजही सोमवारी सकाळी पाहतो.

तुमच्याकडेही रोज ठराविक वेळी असेच अडकत असेल, तर आधी त्या वेळेआधी आणि नंतर आउटपुट ड्रॉप्स टिपा. ते वाढत नसतील आणि त्याऐवजी सीआरसी चुका (वाटेत बिघडलेली पॅकेट) वाढत असतील तर वरील काहीही करू नका, तिथे वायर किंवा कनेक्टर खराब आहे, आणि वेळेचा संबंध कदाचित शेजारून जाणाऱ्या मोटरच्या केबलशी असेल. लेट कोलिजन (उशिरा झालेल्या पॅकेटांच्या टकरी) दिसत असतील तर बहुधा एका टोकाला वेग आणि डुप्लेक्स (दोन्ही दिशांनी एकदम डेटा पाठवणे) हाताने बांधलेले आणि दुसऱ्या टोकाला ऑटो ठेवलेले असणार, दोन्ही टोके ऑटोवर आणा. यांपैकी काहीच हलत नसेल, तर मात्र सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावायला हरकत नाही.